निधनानंतरचा आयकर: वारसांनी कोणता कर, कोणाच्या नावावर आणि केव्हा भरायचा

भारतात आज वारसा कर नाही. पूर्वी होता. १९५३ चा संपदा शुल्क कायदा बत्तीस वर्षं चालला, मोठ्या मालमत्तांवर त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंसाठी तो रद्द झाला. त्यामुळे वडिलांचं घर, आईच्या ठेवी किंवा काकांचे शेअर वारशाने तुमच्याकडे आले, तर त्या येण्यावर एक रुपयाही आयकर लागत नाही. रक्कम कितीही असो, नातं कुठलंही असो. मृत्युपत्रातून मिळालं काय किंवा वारसा कायद्याने मिळालं काय, आयकर कायद्याच्या कलम ५६(२)(एक्स) मधून दोन्हींना स्पष्ट सूट आहे.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं, आणि तिथेच गफलत होते. मालमत्तेवर कर नसला तरी तिच्यातून येणाऱ्या उत्पन्नावर आहे, आणि ते उत्पन्न मृत्यूच्या तारखेपाशी तुटतं. त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न मयत व्यक्तीचं. त्यानंतरचं, मृत्युपत्र असेल तर वाटप पूर्ण होईपर्यंत ‘इस्टेट’चं, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेचं एक वेगळं करखातं समजून त्याचं. मृत्युपत्र नसेल तर थेट वारसांचं. प्रत्येक भाडं, प्रत्येक व्याज, प्रत्येक लाभांश या तिघांपैकी कोणाचा हे ठरवता आलं की काम बरंचसं झालं. ते न ठरवता सगळं एकाच्या नावावर टाकलं की टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, अडकतो, परतावा अडकतो आणि वर्षा-दोन वर्षांनी नोटीस येते.

एक सूचना आधीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागतो. म्हणून या लेखातले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक, दर आणि आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, जुन्या कायद्यानुसार आहेत.

पहिल्या महिन्यात

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत व्हावी लागते. रुग्णालयात निधन झालं असेल तर माहिती तिथूनच जाते, पण दाखल्यावरचं नाव पॅन आणि आधारवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का हे तुम्हीच पाहा. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्या फरकावरून बँक आणि पोर्टल दोन्हीकडे अर्ज परत येतात. दुरुस्ती लगेच होते, वर्षभराने तीच जड जाते. दाखल्याच्या आठ-दहा मूळ प्रती घेऊन ठेवा.

बँकेला कळवताना प्रत्येक ठेवीचं आणि बचत खात्याचं, मृत्यूच्या तारखेपर्यंतचं आणि त्यानंतरचं असं वेगळं केलेलं व्याजपत्रक लेखी मागा. शाखेत हे आपण होऊन कोणी देत नाही. वर्षाअखेर मिळणाऱ्या दाखल्यात बारा महिन्यांचं व्याज एका ओळीत असतं आणि ते नंतर तोडणं त्रासाचं होतं.

मयत व्यक्तीचं एटीएम कार्ड किंवा नेट बँकिंग वापरून पैसे काढू नका, मग ते दवाखान्याचं बिल भागवायला का असेना. इतर वारसांनी हरकत घेतली तर ते सिद्ध करत बसावं लागतं. तसंच त्यांच्या पासवर्डने पोर्टलवर शिरून, ते हयात असल्यासारखं रिटर्न भरू नका. असं रिटर्न भरण्याचा अधिकारच कोणाला नसतो.

संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचं असेल तर ते घाईने बंद करू नका. आयकराचा परतावा जमा व्हायला त्याच खात्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी

कलम १५९ नुसार मयत व्यक्तीचा कर तिच्या कायदेशीर प्रतिनिधीने भरायचा असतो. त्यासाठी वारसांपैकी एकाने आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर स्वतःच्या पॅनने लॉगिन करायचं. ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’ या टॅबखाली ‘रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह’ निवडायचं, नवी विनंती तयार करायची आणि प्रकारात ‘डिसीज्ड (लीगल हेअर)’ घ्यायचा.

सोबत मयत व्यक्तीचं पॅन, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो. या पुराव्यावरच लोक अडतात. न्यायालयाचा वारस दाखला असेल तर उत्तम, पण तो मिळायला महिने जातात आणि एका रिटर्नसाठी तो आणायची गरज नसते. महसूल अधिकाऱ्याने दिलेला हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश, किंवा बँकेने लेटरहेडवर दिलेलं ‘मृत्यूसमयी खात्याचे नॉमिनी किंवा सहधारक अमुक होते’ असं पत्र, यांपैकी काहीही चालतं. बँकेचं पत्र सहसा सगळ्यात लवकर हाती येतं. त्यावर शाखेचा शिक्का, सही आणि दोघांची पूर्ण नावं हवीत.

स्कॅन स्वच्छ काढा, फाइल ५ एमबीच्या आत ठेवा. विनंती मंजूर व्हायला साधारण आठवडा धरा. नामंजूर झाली तर कारण लिहून येतं आणि ते बहुतेक वेळा नावातला फरक किंवा धूसर स्कॅन हेच असतं. मंजुरीनंतर तुमच्याच लॉगिनमधून त्यांच्या खात्यात जाता येतं, त्यांचं एआयएस आणि २६एएस (आयकर खात्याकडची उत्पन्नाची आणि कापलेल्या कराची नोंद) पाहता येतं आणि रिटर्न भरता येतं.

शेवटचं रिटर्न

हे रिटर्न मयत व्यक्तीच्या पॅनवर, वारसाच्या सहीने, १ एप्रिल ते मृत्यूची तारीख एवढ्या काळासाठी भरायचं. मुदत नेहमीचीच: लेखापरीक्षण लागत नसेल अशा पगारदार किंवा पेन्शनर व्यक्तीसाठी ३१ जुलै. निधन एप्रिल ते जुलैच्या दरम्यान झालं असेल तर आदल्या वर्षाचंही रिटर्न बहुधा राहिलेलं असतं. मग दोन रिटर्न भरायची. आधीचं रिटर्न त्यांनी स्वतः भरलं पण ई-व्हेरिफाय केलं नसेल, तर ३० दिवसांच्या आत वारसाने ते करायला हवं.

यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट अशी की वर्ष अर्धवट असलं तरी करमुक्त मर्यादा अर्धी होत नाही. नव्या पद्धतीतले ४ लाख पूर्ण मिळतात, पेन्शनवरची ७५ हजारांची प्रमाणित वजावट पूर्ण मिळते, कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी कलम ८७ए ची सूटही मिळते.

आकड्यांत पाहू. एका निवृत्त शिक्षकांचं १८ सप्टेंबर २०२५ रोजी निधन झालं. पेन्शन महिना ४५,०००, एका सदनिकेचं भाडं महिना २२,०००, ठेवींवरचं व्याज मृत्यूच्या तारखेपर्यंत ९६,०००. एप्रिल ते ऑगस्टची पेन्शन २,२५,००० आणि सप्टेंबरच्या १८ दिवसांची २७,०००, मिळून २,५२,०००. त्यातून ७५,००० वजा जाता १,७७,०००. भाडं पाच महिन्यांचं १,१०,००० आणि १८ दिवसांचं १३,२००, एकूण १,२३,२००. त्यातून ३० टक्के वजा जाता ८६,२४०. व्याज मिळवलं की एकूण उत्पन्न ३,५९,२४० होतं. कर शून्य. बँकेने ९,६०० रुपये टीडीएस कापला असेल तर तो सगळा परत मिळतो. वर्षाचं उरलेलं भाडं, १,४०,८०० रुपये, वारसांच्या उत्पन्नात जातं आणि त्यावरही ३० टक्क्यांची वजावट मिळतेच.

हेच कुटुंब बारा महिन्यांचं सगळं उत्पन्न वडिलांच्या पॅनवर दाखवून मोकळं झालं असतं, तर ते चुकीचं ठरलं असतं. कुटुंब निवृत्तिवेतन तर कधीच मयत व्यक्तीचं नसतं. ते पत्नीचं ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ असतं आणि त्यातून एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५,००० रुपये (जुन्या पद्धतीत १५,०००), यांपैकी जे कमी असेल ते वजा होतं. पगारासारखी ७५ हजारांची वजावट इथे घेता येत नाही. पोर्टलवर ती चुकून घेतलेली रिटर्न दरवर्षी दिसतात.

एआयएसमध्ये मात्र बँक वर्षभराचं व्याज मयत व्यक्तीच्याच पॅनवर दाखवते. म्हणून बँकेचं तोडलेलं व्याजपत्रक हवं. फरकाबद्दल विचारणा आली तर एआयएसच्या त्या ओळीवर ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा प्रतिसाद द्यायचा आणि पत्रक जवळ ठेवायचं.

राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचं साठलेलं व्याज सहज विसरलं जातं. त्यांनी ते दरवर्षी उत्पन्नात दाखवलं होतं का हे जुन्या रिटर्नमध्ये पाहा. दाखवलं नसेल तर मुदतपूर्तीला सगळ्या व्याजाचा बोजा वारसावर येतो.

ज्या पैशावर कर नाही

आयुर्विम्याच्या मृत्यू दाव्याची रक्कम कलम १०(१०डी) खाली करमुक्त आहे. हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त होता, युलिप (बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) मोठ्या हप्त्याची होती, या अटी मृत्यू दाव्याला लागत नाहीत. अपवाद कीमन विम्याचा, म्हणजे कंपनीने महत्त्वाच्या व्यक्तीवर काढलेल्या विम्याचा. पीपीएफची रक्कम करमुक्त असते, पण नॉमिनीला ते खातं पुढे चालवता येत नाही. एनपीएसमधली मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी एकरकमी रक्कम करमुक्त. नोकरीत असताना निधन झाल्यास वारसाला मिळणाऱ्या शिल्लक रजेच्या पैशावर कर लागत नाही. मृत्यूपूर्वी देय झालेल्या पगाराची थकबाकी मात्र मयत व्यक्तीच्या रिटर्नमध्ये जाते.

मृत्यूनंतर वाटपापर्यंतचं उत्पन्न कोणाचं

मृत्युपत्र असून त्यात व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेला असेल तर कलम १६८ लागतं. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून मालमत्तेचं वाटप पूर्ण होईपर्यंतचं उत्पन्न व्यवस्थापकाच्या हातात, पण त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापासून वेगळं आकारलं जातं. त्यासाठी ‘इस्टेट ऑफ लेट अमुक’ या नावाने नवं पॅन काढायचं, त्याच नावाने बँक खातं उघडायचं आणि दरवर्षी आयटीआर-५ भरायचं. एक व्यवस्थापक असेल तर आकारणी व्यक्तीप्रमाणे होते, अनेक असतील तर व्यक्तिसमूहाप्रमाणे. एखाद्या वर्षी ठरावीक लाभार्थ्याला त्याचा वाटा प्रत्यक्ष दिला गेला, तर तेवढं उत्पन्न इस्टेटमधून वजा होऊन लाभार्थ्याच्या रिटर्नमध्ये जातं.

मृत्युपत्र नसेल तर मधली ही अवस्था नसते. हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस समान वाट्याने त्याच दिवशी मालक होतात. अन्य धर्मीयांसाठी त्यांचा त्यांचा वारसा कायदा. कागदोपत्री नाव लागायला दोन वर्षं गेली तरी करासाठी मालकी मृत्यूच्या तारखेपासून धरतात. म्हणजे भाडं आईच्या खात्यात जमा होत असलं तरी आई, मुलगा आणि मुलगी असे तीन वारस असतील तर ते तिघांच्या रिटर्नमध्ये एक तृतीयांश दाखवायचं. सगळं आईनेच घ्यावं असं कुटुंबाने ठरवलं असेल तर ते तोंडी न ठेवता नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. त्या तारखेपासून उत्पन्न तिचं. मोबदला न घेता जवळच्या वारसांमध्ये केलेल्या हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक लागतो. भावाने बहिणीला पैसे देऊन हक्क सोडवून घेतला, तर मुद्रांक खरेदीखतासारखा लागतो आणि बहिणीला भांडवली नफ्याचा कर येतो.

वडिलांकडून वारशाने आलेली त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता ही मुलाची वैयक्तिक मालमत्ता असते, त्याच्या एचयूएफची, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाची, नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच हे स्पष्ट केलं. तरी आजही असं भाडं एचयूएफच्या पॅनवर टाकणारी कुटुंबं आहेत. आकारणीत ते टिकत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. नॉमिनी विश्वस्ताप्रमाणे रक्कम स्वीकारतो आणि ती वारसांची असते. करही वारसांनी आपापल्या वाट्यावर भरायचा.

या काळात टीडीएसचा घोळ होतो. ठेव अजून वडिलांच्या नावावर, व्याज मृत्यूनंतरचं, टीडीएस वडिलांच्या पॅनवर. नियम ३७बीए नुसार बँकेला घोषणापत्र देऊन तो योग्य पॅनवर वळवून घेता येतो. बँक दाद देत नसेल तर वारसाने आयटीआर-२ भरावं. त्यात टीडीएसच्या तक्त्यात ‘दुसऱ्या व्यक्तीच्या पॅनवरचा टीडीएस’ दाखवायचा रकाना आहे, तिथे वडिलांचं पॅन लिहून आपल्या वाट्याएवढाच टीडीएस मागायचा. उत्पन्न न दाखवता नुसता टीडीएस मागितला की तो नाकारला जातो. टीडीएस कापू नये म्हणून वडिलांनी बँकेला दिलेला १५एच हा फॉर्म त्यांच्यासोबत संपतो. वारसांनी आपला १५जी किंवा (ज्येष्ठ नागरिक असल्यास) १५एच नव्याने द्यायचा.

वारशाची मालमत्ता विकताना

खरा मोठा कर इथे येतो. नाव लावून घेण्यावर कर नाही, पण विक्रीवर भांडवली नफ्याचा कर आहे आणि तो मोजताना कायदा तुम्हाला मूळ मालकाच्या जागी उभं करतो. कलम ४९(१) प्रमाणे खरेदी किंमत धरायची ती मयत व्यक्तीने मोजलेली, मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची नव्हे. अमेरिकेत मृत्यूच्या दिवशीचा भाव धरतात. तिकडचं वाचून इकडे हिशेब केलेले लोक भेटतात, त्यांना विक्रीनंतर मोठा धक्का बसतो. मालमत्ता किती काळ धारण केली हेही मूळ मालकाच्या खरेदीपासून मोजतात, त्यामुळे वारशाने मिळून दोनच महिने झाले असले तरी नफा बहुधा दीर्घकालीनच ठरतो.

मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचा रास्त बाजारभाव किंमत म्हणून घेता येतो. तो नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घ्या. जमीन किंवा इमारतीसाठी हा भाव त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे त्या वर्षीच्या रेडी रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही. खरेदीखत सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढा.

२३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन किंवा इमारतीसाठी निवासी व्यक्तीला एक संरक्षण आहे: निर्देशांक लावून २० टक्क्यांनी येणारा कर कमी असेल तर तेवढाच भरायचा. बॉम्बे हायकोर्टाने २०११ मध्ये दिलेल्या निकालानुसार निर्देशांक वारशाच्या वर्षापासून नव्हे, मूळ मालकाच्या वर्षापासून लावायचा.

उदाहरण: पुण्यातली सदनिका वडिलांनी १९९४ मध्ये घेतली. २०१९ मध्ये मृत्युपत्राविना निधन. वारस आई, मुलगा, मुलगी. डिसेंबर २०२५ मध्ये विक्री १ कोटी ५ लाखांना, दलाली १ लाख. १ एप्रिल २००१ चा भाव १४ लाख. निर्देशांकाशिवाय नफा ९० लाख, १२.५ टक्क्यांनी कर ११.२५ लाख. निर्देशांक २०२५-२६ साठी ३७६ (२००१-०२ साठी १००), म्हणून किंमत ५२.६४ लाख, नफा ५१.३६ लाख आणि २० टक्क्यांनी कर १०.२७ लाख. दुसरी पद्धत फायद्याची. चटकन अंदाज हवा तर २००१ चा भाव ८.३६ ने गुणा. खर्च वजा जाता विक्री किंमत त्याहून कमी असेल तर निर्देशांक फायद्याचा, जास्त असेल तर १२.५ टक्के. हा गुणक फक्त २०२५-२६ मधल्या विक्रीचा. पुढच्या वर्षी निर्देशांक बदलला की तोही बदलतो.

आता वाटणी. तिघांनी प्रत्येकी ३० लाखांचा नफा दाखवला तर प्रत्येकाचा कर १०.२७ लाखांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३.४२ लाख, आणि त्यावर ४ टक्के उपकर. सगळी रक्कम एकट्या मुलाच्या रिटर्नमध्ये दाखवली तर त्याचं उत्पन्न ५० लाखांच्या वर जाऊन १० टक्के अधिभार लागतो आणि सुमारे एक लाख रुपये फुकट जातात, शिवाय आकारणी चुकीची ती चुकीचीच. कलम ५४ खाली नव्या घरात गुंतवणूक किंवा कलम ५४ईसी खाली सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे रोखे, या सवलती प्रत्येक वारसाला स्वतंत्र मिळतात. आईने घर घेतलं म्हणून मुलाचा नफा वाचत नाही.

खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो प्रत्येक विक्रेत्याच्या पॅनवर स्वतंत्र २६क्यूबी (हा टीडीएस भरायचा फॉर्म) भरून कापायला सांगा, इथे ३५,००० रुपये प्रत्येकी. खरेदीदाराच्या वकिलाने सगळा टीडीएस पहिल्या नावावर टाकला की उरलेल्या दोघांना तो मिळवताना वर्ष जातं. करारनाम्यातच तिघांचे वाटे आणि पॅन लिहा.

वारसांपैकी मुलगी परदेशात अनिवासी असेल तर तिच्या वाट्यावर १ टक्का नाही, १२.५ टक्के अधिक अधिभार आणि उपकर असा टीडीएस लागतो. तो नफ्यावर नव्हे, तिच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर कापला जाण्याचा धोका असतो. विक्रीच्या आधीच तिने फॉर्म १३ भरून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्यावं. करारानंतर उशीर झालेला असतो. २० टक्के निर्देशांकाचा पर्याय अनिवासींना नाही. वारशाचे पैसे एनआरओ खात्यातून (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यातून) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, १५सीए आणि १५सीबी हे फॉर्म भरून, बाहेर नेता येतात.

सूचिबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांनाही मूळ मालकाचीच किंमत लागते, ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या खरेदीसाठी त्या दिवसाच्या भावाचं संरक्षण धरून. डीमॅट हस्तांतरणानंतर ब्रोकरच्या अहवालात किंमत शून्य किंवा हस्तांतरणाच्या दिवसाची दिसते. ती चुकीची असते. वडिलांची जुनी स्टेटमेंट जपा.

शेतजमीन

वारसनोंद तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायची, फेरफार झाला की सातबारावर नावं येतात. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ताच नसल्याने तिच्या विक्रीवर कर नाही. ग्रामीण म्हणजे दहा हजारांहून जास्त वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेर तर हवीच, शिवाय एक लाखापर्यंत वस्ती असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६ आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटरपलीकडे, हवाई अंतराने. पुणे किंवा नाशिकच्या कडेच्या गावांत हे अंतर रस्त्याने मोजून फसगत होते. सातबारावर पीकपाहणी असली तरी अंतराची अट सुटत नाही.

तोटे आणि धंदा

मयत व्यक्तीचा शेअर किंवा मालमत्तेतला तोटा वारसाकडे जात नाही. शेवटच्या रिटर्नमध्ये वळता होईल तेवढाच. धंद्याचा तोटा मात्र, तोच धंदा वारशाने पुढे चालवला तर, कलम ७८(२) प्रमाणे वारसाला उरलेल्या वर्षांसाठी मिळतो. दुकान एकल मालकीचं असेल तर वारसाने नवी जीएसटी नोंदणी घ्यायची, जुन्या नोंदणीतली शिल्लक जमा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची) आयटीसी-०२ या फॉर्मने हलवायची आणि मगच जुनी नोंदणी रद्द करायची. क्रम उलटला की जमा बुडते.

गोव्यातले जोडपे

पोर्तुगीज नागरी संहितेखालच्या जोडप्यांची मालमत्ता सामायिक असते. म्हणून कलम ५ए प्रमाणे पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं जातं. एकाच्या निधनानंतर निम्मी मालमत्ता मुळातच हयात जोडीदाराची असते, वारशात फक्त उरलेली निम्मी येते. शेवटच्या रिटर्नमध्येही १ एप्रिलपासून मृत्यूपर्यंतचं उत्पन्न निम्मंच दाखवायचं. महाराष्ट्रातल्या सल्लागाराकडून हे निसटतं, त्याला आधीच सांगा.

परदेशी शेअर

पुणे, मुंबईतल्या अनेक आयटी कर्मचाऱ्यांकडे अमेरिकी कंपनीचे आरएसयू, म्हणजे मोबदल्याचा भाग म्हणून मिळालेले शेअर, आहेत. भारतात वारसा कर नसला तरी अमेरिकेत आहे. अमेरिकी नागरिक किंवा रहिवासी नसलेल्याच्या अमेरिकी मालमत्तेला फक्त ६०,००० डॉलरपर्यंत सूट, वर ४० टक्क्यांपर्यंत कर. अमेरिकी कंपनीचे शेअर, भारतीय पत्त्यावरच्या खात्यात असले तरी, या कक्षेत येतात. मृत्यूपासून नऊ महिन्यांत ७०६-एनए हा फॉर्म भरावा लागतो आणि ब्रोकर बहुधा अमेरिकी आयकर खात्याचं ट्रान्सफर सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय शेअर सोडत नाही. भारतात वारसाने हे शेअर रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचे. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, दाखवण्यातून नाही. यूकेमध्ये असलेल्या घरावर मालक तिथे राहत नसला तरी तिथला वारसा कर लागतो.

वाटप करण्यापूर्वी

मयत व्यक्तीच्या कराची वारसाची जबाबदारी वारशाच्या किमतीपुरतीच असते. तुमच्या स्वतःच्या घरावर ती येत नाही. पण कर बाकी असताना मालमत्ता विकून किंवा वाटून टाकली, तर तेवढ्या किमतीपुरती वैयक्तिक जबाबदारी येते. म्हणून पोर्टलवर त्यांच्या खात्यातली जुनी मागणी तपासा, प्रलंबित अपील पाहा आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच वाटप करा. आयकर खातं जुनी वर्षं तीन वर्षं तीन महिन्यांपर्यंत, आणि दडलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याचा पुरावा असेल तर पाच वर्षं तीन महिन्यांपर्यंत उघडू शकतं. ही मुदत आकारणी वर्षाच्या अखेरीपासून मोजायची. तोवर कागद फेकू नका. मयत व्यक्तीच्या नावाने नोटीस आली तर गप्प बसू नका. वारस म्हणून नोंदणी करा, मृत्यूचा दाखला जोडा आणि दिलेल्या मुदतीतच उत्तर द्या.

पॅन परत करण्याची घाई नको. शेवटचं रिटर्न तपासून झालं, परतावा जमा झाला, शेअर, फंड आणि ठेवी वारसांच्या नावे गेल्या, मागणी शून्य दिसते, एवढं झाल्यावर आकारणी अधिकाऱ्याला साधं पत्र द्यायचं: नाव, पॅन, मृत्यूची तारीख, दाखल्याची प्रत आणि पॅन रद्द करण्याची विनंती. अधिकारी कोण हे पोर्टलवर पॅन टाकून कळतं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.